बोट ठेवून वाचायचं नाही

३ सप्टेंबर

ह्या वहीत घरचं रडगाणं लिहायचं नाही, फक्त क्लासचं लिहायचं, हे आधीच ठरवून टाकते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझं ऐकून घ्यायला कुणी उरलेलं नाही. लेकीला फोन केला तर ती हं हं करते आणि मागे भांडी घासत असते, मला काय कळत नाही का. म्हणून वही. वही मध्येच उठून जात नाही.

तर आजपासून इंग्रजी वाचनाचा क्लास सुरू. जागा आमचीच पुढची खोली, वेळ संध्याकाळची, आमचे हे औषधांचं दुकान बंद करून घरी यायच्या आत संपेल अशी. बोलायला शिकवणार नाही, व्याकरण शिकवणार नाही, फक्त वाचन. चौकातल्या पाट्या इंग्रजीत, बँकेतले कागद इंग्रजीत, औषधाचं पाकीट इंग्रजीत. आपल्या भाषेत धडाधड वाचणाऱ्या बायका इंग्रजी समोर आलं की दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसतात, ते मला बघवत नाही.

चौघी आल्या. एक कोपऱ्यावरची पार्लरवाली. ही शब्दाचं पहिलं अक्षर बघते आणि बाकीचा शब्द मनानेच ठोकून देते. हिचं नाव मी झटपट ठेवलंय, मनातल्या मनात. दुसरी शिवणकाम करणारी, पस्तिशीची, लग्न केलेलं नाही, म्हाताऱ्या आईबरोबर मागच्या गल्लीत राहते. ही प्रत्येक अक्षराखाली बोट ठेवते आणि पुढच्या अक्षरावर जाण्याआधी परवानगी मागितल्यासारखी थांबते. ही गोगलगाय. उरलेल्या दोघी किराणा दुकानवाल्या बहिणी, एकमेकींचं बघून वाचतात, त्यांना जोडी एवढं एकच नाव पुरे.

फळ्यावर पहिला नियम लिहिला: बोट ठेवून वाचायचं नाही. शब्द अख्खा बघायचा, माणसाचा चेहरा बघतो तसा. ओळखीचा माणूस भेटला की आपण त्याचं नाक, कान, डोळे वेगवेगळे मोजत बसतो का? सगळा जन्म मी हेच शिकवलं आणि मुलं वाचायला लागली.

घरचं एवढंच लिहिते आणि पुरे. ह्यांचं डोकं सकाळी फार दुखत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणाले. समोरच्या डॉक्टरांना दाखवा म्हटलं तर माझ्यावरच उखडले. एवढी वर्षं औषधांचं दुकान चालवणाऱ्याला डॉक्टरकडे पाठवायचं म्हणजे माझाच मूर्खपणा. दुकानातलीच एक गोळी घेतली आणि संध्याकाळपर्यंत काऊंटरवर उभे होते.

९ सप्टेंबर

गोगलगायीने आज माझा जीव खाल्ला. एक वाक्य वाचायला एवढा वेळ लावते की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरते. दोनदा बोट उचलायला लावलं. तिसऱ्यांदा म्हटलं, हे बोट मशीनच्या सुईखाली ठेव, इथे नको. सगळ्या हसल्या. तीही हसली, पण बोट ओच्यात लपवून बसली आणि मग तिला एक शब्द लागेना.

क्लासला का आलीस विचारलं तर म्हणाली, आईच्या गोळ्यांसाठी. आईला ब्लडप्रेशरचा त्रास आहे. गोळ्या हीच आणते, हीच देते. पाकिटावर काय लिहिलंय ते कळत नाही, आणि रोज देताना छातीत धडधडतं. एवढी साधी गोष्ट तिने इतक्या हळू सांगितली की जोडीतली धाकटी जांभई द्यायला लागली.

घरचं लिहायचं नाही ठरवलं होतं, पण हे चांगलं आहे म्हणून लिहिते. सकाळी हे पेपर घेऊन माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "तू वाच ना. तुझ्या आवाजात ऐकायला बरं वाटतं." इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा! मी काय काय वाचलं मलाच आठवत नाही. ह्या वयात लाजायचं म्हणजे कमालच झाली.

२१ सप्टेंबर

जोडीतल्या थोरलीला आज रंगेहाथ पकडलं. मला कुणी फसवू शकत नाही, ह्या बाबतीत तरी. वाचता न येणारं माणूस काय काय सोंगं करतं ती सगळी मला पाठ आहेत. चष्मा घरी राहिला. अक्षर फार बारीक आहे. तुम्हीच वाचा, तुमचे उच्चार छान आहेत. शेजारणीने पान उलटलं की आपणही उलटायचं, चित्र बघून मान डोलवायची.

माझी एक जुनी युक्ती आहे. मी मोठ्याने वाचते आणि मधली एक ओळ मुद्दाम भलतीच वाचते. ज्याचे डोळे खरोखर ओळीवर असतात त्याची मान ताडकन वर होते. बाकीचे डोलत राहतात. आज थोरली अशीच डोलत होती. झटपटसुद्धा डोलत होती, पण तिला माफ, तिला घाई असते. मान वर केली ती एकट्या गोगलगायीने. बहुतेक मागेच कुठेतरी अडकलेली असणार आणि योगायोगाने वर बघितलं असणार.

घरचं. ह्यांचा उजवा खांदा दाराच्या चौकटीवर आपटून काळानिळा झालाय. आठवड्यात दुसऱ्यांदा. ताटात उजवीकडची भाजी तशीच ठेवून उठतात, आणि मग भाजी का नाही वाढलीस म्हणून मलाच विचारतात. म्हातारपण आलं, दुसरं काय. चष्म्याचा नंबर बदलून आणा म्हणून मागे लागलेय, तर हो हो म्हणतात आणि जात नाहीत.

२ ऑक्टोबर

झटपट पळायला लागली आहे. परिच्छेदच्या परिच्छेद वाचते. चार शब्द चुकतात, पण वाचनाला ओघ आहे, आणि ओघ महत्त्वाचा. सगळ्यांसमोर कौतुक केलं. गोगलगायीला म्हटलं, बघ, असं वाचायचं. तिने मान हलवली आणि पुन्हा आपली पहिल्या अक्षरापासून सुरू झाली. कपाळावर हात मारून घेतला मी.

हे आज घरी येऊन औषध कंपन्यांच्या नावाने खडे फोडत होते. कुठल्याशा कंपनीने गोळ्यांच्या पाकिटाचा रंग बदलला म्हणे, नारंगीचं हिरवं केलं. माणसाने काय करावं, म्हणाले, सगळी मांडणी बिघडते. माल देणाऱ्या माणसाशी फोनवर चांगलीच जुंपली. आत काय आहे ते महत्त्वाचं, वरच्या रंगावरून एवढं आकांडतांडव कशाला, असं मी म्हटलं तर ते मांडीवर बोटाने काहीतरी गिरवत बसले. हल्ली हा एक नवाच चाळा लागलाय. काय करताय विचारलं की हिशेब म्हणतात.

१४ ऑक्टोबर

बाजारात ओळखीच्या दोघी बायकांनी मला थांबवून सांगितलं की दुकानात काका हल्ली ‘नाही’च फार म्हणतात. साधं खोकल्याचं औषध मागितलं तरी संपलंय. घरी विचारलं तर म्हणाले, लोकांना काय, काहीही बोलतात. त्यांना दुकानाचा कंटाळा आला असावा असं मला वाटतं. पण बंद करा म्हणायची माझी हिंमत नाही. दुकान काढून घेतलं तर ह्या माणसात काय उरेल? घरात त्यांना एक खिळाही ठोकता येत नाही. दुकानात मात्र डोळे मिटून हात घालतील तिथे हवं ते औषध.

क्लास ठीक.

२० ऑक्टोबर

आज क्लासमध्ये फार गोड प्रकार झाला. गोगलगाय आली तीच फुललेली. आईच्या गोळ्या आणायला आमच्या दुकानात गेली होती. ह्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी हातात घेतली नाही. म्हणाले, क्लासला जातेस ना, मग वाच बघू काय लिहिलंय. आणि तिने वाचलं! बोट ठेवूनच वाचलं, हे तिनेच कबूल केलं. मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती, पण काका थांबले, म्हणाली. वाचून होईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, मग फळीवरून पाकीट काढून दिलं.

मला भरून आलं, खरं सांगते. माझ्या क्लासची चेष्टा करणारा हा माणूस, आणि माझ्या सगळ्यांत मठ्ठ विद्यार्थिनीची परीक्षा घेतो, धीर देतो. घरी आल्यावर म्हटलं, तुम्ही तर माझे असिस्टंट झालात. ते हसले नाहीत. "बरोबर वाचलं ना तिने?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, ते तुम्हाला माहीत, मी कुठे तिथे होते.

२२ ऑक्टोबर

आज क्लास सुटल्यावर गोगलगाय मागे रेंगाळली. मला लेकीचा फोन येणार होता, गॅसवर दूध होतं. तिने पिशवीतून चिठ्ठी आणि गोळ्यांचं पाकीट काढलं. म्हणाली, "बाई, चिठ्ठीत पहिलं अक्षर ए आहे. पाकिटावर जी आहे. पुढचं पण जुळत नाही. माझं काही चुकतंय का?"

मी तिला समजावलं की डॉक्टर एक नाव लिहितात आणि कंपन्या दुसऱ्याच नावाने विकतात. औषध तेच असतं, नाव वेगळं. आणि डॉक्टरांचं अक्षर मला लागत नाही तिथे तुला काय लागणार. ती म्हणाली, मागच्या पाकिटावर तर ए होता. मग मात्र मी चिडले. हल्ली पाकिटं बदलताहेत, काकांनी सांगितलंय मला. एकेक अक्षर चिवडत बसलं की असेच नसते घोळ होतात. म्हणून म्हणते शब्द अख्खा बघ. आणि काका एवढी वर्षं हेच काम करताहेत, तुझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं का नाही?

हो बाई, म्हणाली आणि गेली. दूध उतू गेलं ते गेलंच.

२७ ऑक्टोबर

क्लास नाही. गोगलगायीच्या आईला इस्पितळात नेलंय. सकाळी उठवायला गेली तर उठेचना, अंगाला घाम, दातखीळ बसलेली. झटपटने येऊन सांगितलं. म्हातारं माणूस, प्रेशर वाढलं असेल. उद्या जाऊन येते.

२८ ऑक्टोबर

जाऊन आले. आज घरचं आणि क्लासचं वेगळं करता येत नाही.

म्हातारीच्या रक्तातली साखर अगदी तळाला गेली होती. रात्रभर मेंदूला पुरवठाच नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. आता डोळे उघडते, पण कुणाला ओळखत नाही, तोंडातून नुसता आवाज निघतो. सुधारेल का विचारलं तर डॉक्टर खिडकीकडे बघायला लागले. तिला ज्या गोळ्या चालू होत्या त्या साखर उतरवायच्या होत्या. तिला तो आजारच नाही.

गोगलगायीचा भाऊ आला होता, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतो. तो सगळ्या वॉर्डासमोर तिला बोलत होता. चिठ्ठी दुकानदाराच्या हातात द्यायची सोडून स्वतः वाचायला गेली. चार दिवस क्लासला गेली तर हिला इंग्रजी यायला लागलं! काकांनी चिठ्ठी का नाही बघितली असं कुणीतरी म्हटलं, तर हीच पुढे होऊन म्हणाली की त्यांची काय चूक, ते कौतुकाने वाच म्हणाले. मग माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "बाई, मी त्यांना चुकीचं वाचून दाखवलं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काही केलं नाही.

येताना वाटभर एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. तिने चुकीचं वाचलं असतं तर दोन दिवसांनी माझ्यासमोर चिठ्ठीत ए आहे असं कशी म्हणाली असती? आणि ते पाकीट मी बघितलं का? हातात घेतलं होतं का? नाही. दुधाकडे बघत होते.

ह्यांना विचारलं, तिने काय वाचलं होतं. आठवत नाही म्हणाले. म्हातारी कशी आहे म्हणून मात्र चारदा विचारलं. जेवले नाहीत.

३१ ऑक्टोबर

आज सगळं लिहून ठेवते.

सकाळी पेपर घेऊन हे नेहमीसारखे बसले. मी आज त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले आणि खांद्यावरून वाचायला लागले. का, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं असं म्हणायचं होतं, पण ठाऊक होतं. मोठ्या अक्षरात बातमी होती, नदीवरचा पूल वाहतुकीला बंद. मी वाचलं, गिरणीत आग लागून बारा कामगार जखमी.

ते मान डोलवत म्हणाले, "अरेरे."

मी आणखी एक ओळ वाचली, तीही भलतीच. तेव्हाही मान तशीच डोलत राहिली. मी तिथेच खाली जमिनीवर बसले. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं आणि पेपर घडी घालून बाजूला ठेवला, नीट, कडेला कड लावून. कळलं का तुला, म्हणाले.

त्या डोकेदुखीपासून. अक्षरं दिसतात, स्वच्छ दिसतात, पण ती काय आहेत ते लागत नाही. इंग्रजी नाही आणि आपलीही नाहीत. लिहिता येतं. माझ्यासमोर कागदावर त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, सुरेख, पहिल्यासारखं. मग कागद धरून बघत राहिले, आणि मला म्हणाले, हे काय लिहिलंय ते तू सांगितलंस तरच कळणार. मांडीवर गिरवत होते ते हिशेब नव्हते. बोटाने गिरवलं की कधीकधी एखादं अक्षर लागतं, डोळ्यांनी लागत नाही.

दुकान रंगावर आणि जागेवर चालवत होते. गिऱ्हाइकाकडून वाचून घ्यायचं, ओळखीचं पाकीट उचलायचं. अनोळखी असलं की संपलंय म्हणायचं. प्रेशरची गोळी हिरव्या पाकिटात. साखरेची गोळी नारंगी पाकिटात होती, ती हिरवी झाली. नवीन माल आला तेव्हा त्यांनी वेगळा ठेवला होता. नंतर कधीतरी हात चुकला.

मला का नाही सांगितलंत, असं मी ओरडले. शेजारी ऐकू गेलं असेल. ते म्हणाले, "तू वाचायला शिकवतेस. तुला कसं सांगणार?"

४ नोव्हेंबर

मोठ्या इस्पितळात नेलं. मेंदूच्या मागच्या भागातली एक नस बंद झाली होती, तेव्हाच आणलं असतं तर कदाचित, असं डॉक्टर म्हणाले. उजव्या बाजूचं अर्धं जग त्यांना दिसतच नाही. खांदा, भाजी, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. ह्या वहीतच आहे. मी मागची पानं उघडली आणि मिटली.

दुकानाला कुलूप. आजारपण म्हणून पाटी लावली. पाटी त्यांनीच लिहिली.

९ नोव्हेंबर

हे रोज सकाळी चपला घालतात. मी जाऊन तिला सांगून येतो म्हणतात. मी रोज अडवते. काय होईल ते मला माहीत आहे. भाऊ तक्रार करेल, लोक दारात येतील, ह्या वयात ह्यांना चौकशीला बोलावतील आणि समोर कागद ठेवून वाचा म्हणतील. लोकांसमोर त्यांना ते वाचता येणार नाही. हे मी होऊ देऊ?

म्हातारी तर बरी व्हायची नाही, सांगितलं काय आणि न सांगितलं काय. असं मी स्वतःला समजावते. ते पटतंसुद्धा, दुपारपर्यंत. मग संध्याकाळ होते, तिघी येतात, चौथी खुर्ची रिकामी असते. मी फळ्यासमोर उभी राहते. नियम तसाच लिहिलेला आहे, पुसायला हात होत नाही.

लेकीला अर्धंच सांगितलं. ती येते म्हणाली, मी नको म्हटलं.

१५ नोव्हेंबर

झटपट आज म्हणाली की गोगलगायीने क्लासचं पुस्तक जोडीच्या दुकानात पुड्या बांधायला देऊन टाकलं. घरी आईला भरवते, पुसते, कूस बदलते आणि शिवणाला बसते. रस्त्याने जाताना मान वर करत नाही. झटपटने तिला चौकातल्या एका दुकानाची नवी पाटी दाखवून वाच म्हटलं, तर म्हणाली, मला वाचता येत नाही ना गं, तुला माहीत आहे ना काय झालं ते.

झटपट हे आपली सहज सांगत होती, जाता जाता. मी तिला आज लवकर घरी पाठवलं.

१६ नोव्हेंबर

दोघं गेलो. मी त्यांच्या उजव्या बाजूने चालले.

एकच खोली. खिडकीशी मशीन, भिंतीला लागून खाट, खाटेवर म्हातारी. तिचे डोळे आमच्यावरून फिरून छताला लागले. गोगलगायीने आम्हाला बसायला शिवायच्या कपड्यांचा ढीग उचलून जागा केली आणि चहा ठेवायला वळली. भाऊ दारात उभा होता. हे बसलेच नाहीत. उभ्याने, सरळ, जसं होतं तसं सांगितलं: मला वाचता येत नव्हतं, मी रंगावरून दिलं, चूक माझी आहे. आवाज कापला नाही. ह्या माणसाबरोबर एवढी वर्षं राहिले, पण तो इतका मोठा मला कधी दिसला नव्हता.

गोगलगाय काका काका करायला लागली. तुम्ही माझ्यासाठी उगाच असं म्हणताय, म्हणाली. तिला ते खरंच वाटेना. मग मी तिला चिठ्ठी आणि ते पाकीट मागितलं. डॉक्टरांनी परत दिलेलं, तिने फळीवर एका डब्यात ठेवलं होतं. चिठ्ठी तिच्यासमोर धरली आणि वाच म्हटलं.

ती नको म्हणत मागे सरकली. मी तिचा हात धरला आणि तिचं बोट चिठ्ठीवर ठेवलं. मीच ठेवलं. मग ती वाचायला लागली, ए, मग पुढचं, मग पुढचं, प्रत्येक अक्षरावर थांबत. किती वेळ लागला मला माहीत नाही. संपल्यावर पाकीट धरलं, तेही वाचलं, जी पासून.

"बरोबर," मी म्हटलं. "दोन्ही बरोबर. त्या दिवशी दुकानातही बरोबर वाचलंस. दोन दिवसांनी मला विचारलंस तेव्हाही तुझंच बरोबर होतं. मी पाकिटाकडे बघितलं नाही."

ती पाकिटाकडे बघत होती. मग आईकडे बघितलं. "म्हणजे मला वाचता येत होतं," म्हणाली.

आणि मग ती हमसून रडली. आई इस्पितळात असताना रडली नव्हती, भाऊ बोलत होता तेव्हा रडली नव्हती. खाटेवरची म्हातारी त्या आवाजाने अस्वस्थ होऊन काहीतरी पुटपुटायला लागली, तेव्हा डोळे पुसून तिच्याजवळ गेली, तिची कूस बदलली. आमच्याकडे पाठ करून म्हणाली, "बाई, आता तुम्ही जा."

भाऊ म्हणाला, मी तक्रार करणार. करा, हे म्हणाले. करायलाच हवी.

१ डिसेंबर

तक्रार झाली. चौकशीला मी बरोबर गेले. त्यांच्यासमोर कागद ठेवला, आणि जे होणार होतं ते झालं. दुकानाचा परवाना परत करायचा आहे. गल्लीतले काही लोक आता आमच्याशी बोलत नाहीत, आणि जे बोलतात ते फार गोड बोलतात, ते जास्त लागतं.

क्लास चालू आहे. फळा पुसला. जोडीतली धाकटी बोट ठेवून वाचत होती, मी काही म्हटलं नाही. झटपटला मात्र प्रत्येक शब्दाला थांबवलं, ती रुसली.

सकाळी आम्ही पेपर घेऊन बसतो. मोठ्या मथळ्याचा एक शब्द, त्यावर त्यांचं बोट, त्यांच्या बोटावर माझं. आज बऱ्याच वेळाने त्यांना पाणी हा शब्द लागला. मी बरोबर म्हटलं, चांगलं मोठ्याने म्हटलं. ते दमून आडवे झाले.

दुपारी चौकात गेले होते. रस्त्यापलीकडच्या औषधांच्या दुकानात गोगलगाय उभी होती. एका हातात चिठ्ठी, दुसऱ्या हातात पाकीट, आणि दोन्ही काऊंटरवर शेजारी शेजारी ठेवून बोटाने एकेक अक्षर जुळवत होती. मागे रांग लागली होती. एक माणूस आवाज चढवून काहीतरी बोलला. ती जागची हलली नाही. दुकानदाराने पाकीट घ्यायला हात पुढे केला, तर तिने ते हाताखाली दाबून धरलं आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली.

मी तिचं वाचून होईपर्यंत इकडेच थांबले. तिने पैसे दिले, पाकीट पिशवीत ठेवलं, आणि माझ्या समोरून गेली. मी तिला दिसले असणार. ती बोलली नाही, मीही हाक मारली नाही. मग भाजी घेऊन घरी आले.